पाठीमागचं कार्ड

१

वयाची बासष्टी उलटली, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, टाळूवर चांगली बशीएवढी जागा मोकळी झाली, तरी त्याला धाकटाच म्हणत. तसं म्हणणारं माणूसही एकच उरलं होतं, त्याची थोरली बहीण, ताई. बाहेर मात्र तो सर होता, चळवळीचा आधारस्तंभ वगैरे. आता ही चळवळ काय भानगड होती ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको.

चळवळीचं नाव पुनरुच्चार. तीस वर्षांपूर्वी पाच-सहा तरण्याबांड चित्रकारांनी जाहीर केलं, की नवं चित्र काढणं हा निव्वळ अहंकार आहे. जगात चित्रं भरपूर झाली, आता आहेत तीच पुन्हा काढायची. अगदी हुबेहूब, फटकाऱ्याला फटकारा जुळवून, आणि त्यात फक्त एक गोष्ट बदलायची. खिडकीचा पडदा काढून टाकलात, तर भिंतीवरच्या भेगेला हात लावायचा नाही. मग कॅनव्हासच्या पाठीमागे लाकडी चौकटीला पुठ्ठ्याचं छोटं कार्ड टाचायचं आणि त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ 'मूळ', म्हणजे मूळ चित्र कुठे आहे. दुसरी 'फरक', म्हणजे काय बदललं. एकदा कार्ड लागलं, की त्या चित्राला पुन्हा ब्रश लावायचा नाही. 'फरक दुरुस्त केलात, तर ती नक्कलही उरत नाही, नुसती चोरी होते,' असं जाहीरनाम्यात होतं. हे वाक्य धाकट्याचंच. अशी वाक्यं त्याला फार छान जमायची.

रोज सकाळी नऊला तो स्टुडिओत यायचा. बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला होता तो. लांबट खोली, उत्तरेला तीन खिडक्या, टर्पेंटाइनचा वास आणि हाडात शिरणारा गारठा. त्यामुळे तपकिरी कोट दिवसभर अंगातच असायचा. कॅनव्हासवर चौकटी आखायच्या, एकेक चौकट भरायची, आणि तासातासाने वळून समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघायचं. चित्र आरशात उलटं दिसलं की त्यातली चूक लगेच डोळ्यांत खुपते, ही सगळ्याच चित्रकारांची जुनी युक्ती. आयुष्यात इतकं आरशात बघून झालं होतं, की उलटी अक्षरं तो सुलट असल्यासारखी वाचायचा.

त्या बुधवारीही तो एक चौकट संपवून आरशात बघत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "काल चष्मा इथेच विसरलास ना रे. काम कसं चाललंय मग आज, चाचपडत?"

त्याने नाकाला हात लावला. चष्मा नाकावर होता. आणि ताईच्या घरी जाऊन त्याला आठ महिने होऊन गेले होते.

२

"तुझा काहीतरी गोंधळ होतोय ताई, मी येतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. आता तुम्ही म्हणाल, बहिणीची काळजी वाटली असेल. वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या खिशात दोन आठवड्यांपासून एक कागद होता, आणि त्यावर ताईची सही हवी होती.

त्याचं असं झालं होतं. त्यांची आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. धाकटा तेव्हा चळवळीपायी बाहेरच असायचा आणि ताई घरी आईचं सगळं करत होती. दुपारी आईचा डोळा लागला की ती टेबलापाशी बसून चित्र काढायची. घर सोडता यायचं नाही, म्हणून समोर दिसायची तीच खोली काढायची. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी आणि आईच्या खोलीचं अर्धवट लोटलेलं दार. अशी बारा चित्रं काढली तिने अकरा वर्षांत. आई गेल्यावर धाकट्याने ती बाराही उतरवली. एकातून औषधाची बाटली काढली, एकातलं दार लावून टाकलं, एकातली खुर्ची भिंतीकडे वळवली. समीक्षक वेडे झाले. 'अनुपस्थितीचं दर्शन' काय, 'मौनाची भाषा' काय, लिहायचं शिल्लक ठेवलं नाही कुणी. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी एक अर्ज भरायचा होता आणि त्यात 'मूळ चित्रकार' असा रकाना होता. धाकट्याने पेन उचललं आणि लिहिलं, 'अज्ञात'.

का लिहिलं? त्यालाही नीट सांगता आलं नसतं. तो शब्द तिथे शोभून दिसला, एवढंच. उद्घाटनाला ताई आली होती, इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट विंचरून. बारा चित्रांसमोर उभी राहिली, खालच्या पट्ट्यांवरचं 'अज्ञात' वाचलं, पेलाभर पाणी प्यायली आणि घरी गेली. त्यानंतर तिने ब्रश हातात धरला नाही. या गोष्टीला चौदा वर्षं झाली, आणि दोघांपैकी कुणीही त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

आता संग्रहालयात चळवळीचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. नकला आणि मूळ चित्रं शेजारी शेजारी लावणार होते. तिथली बाई तरुण, हुशार. तिने विचारलं होतं, "सर, कार्डांवर लिहिलंय की मूळ चित्रं तुमच्या ताईंच्या घरी आहेत. मग ती त्यांनीच तर नाही ना काढलेली? तसं असेल तर त्यांचं नाव छापू." धाकटा दोनदा खाकरला. कठीण प्रसंगी बोलायच्या आधी खाकरायची त्याला सवयच होती. "नाही हो," तो म्हणाला, "आधीच्या भाडेकरूंनी माळ्यावर टाकलेली होती ती." मग त्याने स्वतःच कागद तयार केला. चित्रकार अज्ञात असून मी केवळ या चित्रांची मालकीण आहे, खाली सही.

ताई तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं आणि तिचा चेहरा इतका फुलला, की धाकट्याला वाटलं त्याच्या मागून आणखी कुणीतरी येतंय. त्याने वळूनसुद्धा बघितलं.

"घे बाबा तुझा चष्मा," ताई म्हणाली.

टेबलावर चष्मा होता. त्याच्यासारखीच जाड काळी फ्रेम. डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तोच आडवा चरा, पॅलेटच्या सुरीचा. उजवी काडी बिजागरीपाशी तुटलेली आणि दोऱ्याने बांधलेली, तेही तसंच. धाकट्याने नाकावरचा चष्मा काढून शेजारी ठेवला. आयुष्यभर दोन गोष्टी शेजारी ठेवून बघण्याचंच काम केलं होतं त्याने, डोळा आपोआप फरक शोधायला लागला. एकच सापडला. त्याच्या चष्म्याचा दोरा काळा होता, आणि या चष्म्याचा पांढरा.

"दोन करून घेतलेस होय," ताई म्हणाली. "बरं केलंस. बस, चहा टाकते. काल म्हणालास तसा कमी साखरेचा."

"ताई, मी काल आलो नव्हतो."

"दर मंगळवारी येतोस," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि दर वेळी वर तोंड करून असलं काहीतरी बोलायचं." तिच्या आवाजात हसू होतं. ते हसू त्याने कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

खिडकीपाशी ईझल उभा होता. त्यावर कॅनव्हास. हीच खोली, हेच टेबल, खिडकीतून येणारा हाच मळकट उजेड. पण या तेराव्या चित्रात एका खुर्चीवर माणूस होता. पाठमोरा बसलेला, तपकिरी कोट, टाळूवर बशीएवढी मोकळी जागा, उजव्या पायातला बूट काढून टाच खुर्चीच्या दांडीवर टेकवलेली. धाकटा असाच बसायचा, लहानपणापासून. त्याने कोटाच्या पाठीवर बोट टेकवलं. रंग ओला होता. कोटाच्या त्या तपकिरी पाठीवर काहीही नव्हतं, साधी सुरकुती आणि उजेड. तरी तो तिथेच का बघत राहिला, ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

बाजूला ब्रश ठेवलेले होते, धुऊन, प्रत्येकाच्या टोकाला कागदाची घट्ट पुंगळी गुंडाळून. ताई तसं करत नाही. तसं तो करतो.

"तू बोललास, म्हणून पुन्हा सुरू केलं बघ," चहा ठेवत ताई म्हणाली. "काल तू म्हणालास ना, की तो शब्द आपण खोडून टाकू. माझ्या हाताने लिहिला होता, माझ्याच हाताने खोडतो, म्हणालास. रात्री झोप लागली मला. किती वर्षांनी."

धाकट्याला कानकोंडं झालं. सत्तरीच्या पुढची बाई, एकटी, दिवसभर बोलायला कुणी नाही. जे व्हावंसं वाटतं तेच झालं असं वाटायला लागलं असेल. हे पटण्यासारखं होतं. त्याला ते पटलंही. मग त्याने काय करावं? खाकरला आणि खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे एक राहिलं होतं. वाचून सही करून ठेव. प्रदर्शनासाठी आहे."

ताईने वाचलं. हळूहळू, बोट फिरवत. 'केवळ मालकीण' पाशी बोट थांबलं. मग तिने मान वर करून धाकट्याकडे बघितलं. रागाने नाही. डोळे बारीक करून, मान जरा तिरकी करून, चित्राकडे बघतात तसं.

"बरं," ती म्हणाली. "ठेव तिथे."

३

घरी बायकोने दोन चष्मे बघितले आणि भुवया उंचावल्या. त्याने सगळं सांगितलं, कागदाचं सोडून. बायको भाजी चिरत ऐकत होती. ती फार बोलणारी नव्हती, पण बोलली की लागायची.

"ताई भ्रमात आहे गं," तो म्हणाला. "डॉक्टरला दाखवायला हवं."

"मागच्या आठवड्यात माझ्याशी बोलल्या फोनवर. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, धाकटा आता माणसात आलाय."

"पण मी जात नाही तिच्याकडे."

"ते मला काय सांगता. मला माहीत आहे तुम्ही जात नाही." तिने सुरी खाली ठेवली. "कुणीतरी जातंय ना? मग बरंच आहे की."

"म्हणजे काय? कुणीतरी माझं सोंग घेऊन तिच्या घरात शिरतोय, आणि तू म्हणतेस बरं आहे?"

"चोर असता तर काही नेलं असतं त्याने. हा चहा पितो, ब्रश धुतो आणि जातो म्हणता. असा चोर माझ्याकडेही पाठवा एखादा."

बायकोने ओले हात पुसले आणि दोन्ही चष्मे उचलून खिडकीशी नेले. बराच वेळ काड्या निरखल्या.

"हा काळा दोरा कुठून आला?" तिने विचारलं.

"तूच दिलास. काडी तुटली तेव्हा."

"मी पांढरा दिला होता. काळा संपला होता तेव्हा, मला पक्कं आठवतंय. तुम्ही कुरकुरही केली होती, काळ्यावर पांढरा दिसेल म्हणून."

धाकट्याला आठवत होतं ते असं, की बायकोने दोरा दिला आणि त्याने बांधला. रंग? काळा. काळाच असणार, कारण आत्ता काळा होता. त्याने विषय बदलला. पण अंथरुणावर पडल्यावर तो मागचा मंगळवार आठवायला लागला. सकाळी नऊला स्टुडिओ, चौकटी, आरसा, दुपारी डबा. सगळं नीट आठवत होतं. मग सोमवार आठवला. तोही नऊला स्टुडिओ, चौकटी, आरसा, डबा. दोन्ही दिवस शेजारी शेजारी ठेवून त्याने फरक शोधला, आणि त्याला एकही सापडला नाही.

४

पुढच्या मंगळवारी त्याने अगदी ठरवून स्टुडिओत बैठक मारली. खुर्ची आरशासमोर ओढली, म्हणजे आपण इथेच आहोत हे डोळ्यांना दिसत राहील. हसू येईल असाच प्रकार होता, आणि त्याला थोडं हसूही आलं. बरोबर साडेदहाला त्याने ताईचा नंबर फिरवला.

चार वेळा वाजला. मग उचलला गेला.

"बोला," पुरुषाचा आवाज.

स्वतःचा आवाज माणसाला सहसा ओळखू येत नाही. पण धाकट्याच्या मुलाखती कितीदा ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, आणि त्या त्याने कितीदा तरी ऐकल्या होत्या, एकट्याने, आवडीने. त्यामुळे त्याला तो लगेच कळला. घशातली ती किंचित घरघर, शब्द तोडायची ती लकब. त्याने आरशात बघितलं. आरशातल्या माणसाचं तोंड बंद होतं.

"बोला ना," आवाज म्हणाला. "ताईचे हात रंगाने भरलेत. निरोप असेल तर सांगा, मी देतो."

मागे कपबशीचा आवाज आला. ताई काहीतरी पुटपुटली आणि हसली.

धाकटा खाकरला, एकदा, दोनदा. "कोण बोलतंय?"

खाकरणं नाही, चाचरणं नाही.

"तिचा भाऊ," आवाज म्हणाला, आणि फोन हळूच, अगदी जपून ठेवला गेला. कुणी झोपलेलं असलेल्या घरात ठेवतात तसा.

५

छापखान्यापासून ताईचं घर चालत वीस मिनिटं. बारा मिनिटांत पोचला तो, गुडघ्यांचा विचार न करता. वाटेत त्याने मनाशी सगळा हिशेब जुळवला होता. चळवळीतलाच कुणीतरी असणार. नकला करण्यात आयुष्य घालवलेली माणसं, एखाद्याने माणसाचीच नक्कल करून दाखवायची ठरवली असेल. आवाज, कोट, चष्मा, बसण्याची ढब. आणि एक फरक, नियमाप्रमाणे. कल्पना वाईट नव्हती. आपल्याला का सुचली नाही, असंही त्याला वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची त्याला शिसारी आली.

जिन्यात गार अंधार होता आणि तिसऱ्या मजल्यावरून टर्पेंटाइनचा वास खालपर्यंत येत होता. दारापाशी पोचल्यावर त्याने ठोठावायला हात उचलला आणि तसाच ठेवला. आतून आवाज येत होता.

"त्या दिवशी तू पाणी प्यायलीस, ते मी बघत होतो," तो आवाज म्हणत होता. "तू दारातून बाहेर पडलीस तेही बघितलं. मागे धावत यायला हवं होतं मी. समीक्षकांशी बोलत उभा राहिलो. माझं चुकलं, ताई. तुझं होतं ते सगळं. बाराच्या बारा. मी संग्रहालयाच्या बाईंना सांगेन आज."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पाणी प्यायल्याचं त्याने बघितलं होतं. समीक्षकाचा खांदाही आठवत होता, ज्याच्यावरून बघितलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नक्कल करणारा चष्मा मिळवेल, आवाज बसवेल. हे कुठून आणेल?

आत ताई रडत होती. मोठ्याने नाही. ओझं खाली ठेवल्यावर माणूस श्वास टाकतो, तसं काहीतरी. मग तिने नाक पुसल्याचा आवाज झाला.

त्याने दार ठोठावलं.

पावलं आली. दार वीतभर उघडलं, साखळी तशीच ठेवून. फटीत ताईचा अर्धा चेहरा. डोळे लाल, गालावर निळ्या रंगाचा फराटा. ती दचकली नाही, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

"आलास होय," ती म्हणाली.

"आत कोण आहे, ताई?"

तिच्या खांद्यावरून खोलीची एक पट्टी दिसत होती. टेबलाचा कोपरा. त्यावर त्याचा कागद, दुमडलेला, त्याच्यावर कप ठेवलेला. खिडकीचा मळकट उजेड. आणि खुर्चीवर पाठमोरा माणूस. तपकिरी कोट, टाळू, दांडीवर टेकवलेली मोजा घातलेली टाच. कोटाची पाठ स्वच्छ होती. त्या माणसाने मान वळवायला सुरुवात केली, सावकाश, कानशिलाची कड आणि गालाचा उंचवटा दिसेपर्यंत, आणि मग थांबला. तोंड दाखवायला नको असं वाटून नाही. उगाच कुणाला लाजवायला नको, म्हणून थांबल्यासारखा.

"ताई, तो मी नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चिरका वाटला. "मी आहे तुझा भाऊ. साखळी काढ. माझ्याकडे बघ."

ताईने बघितलं. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, कपाळापासून बुटांपर्यंत, परत वर.

"हुबेहूब आहेस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काम बघून काम जाणणारं माणूस बोलतं, तशी बोलली ती.

"ताई."

"आत ये म्हटलं असतं रे. पण खुर्च्या दोनच आहेत."

तो वळला. दुसरं काय करणार होता? दोन पायऱ्या उतरला, तेवढ्यात तिने मागून हाक मारली. त्याने मान वळवली. ती फटीतून त्याच्या पाठीकडे बघत होती.

"कोटाला मागे काहीतरी टाचलंय बघ तुझ्या," ताई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

६

घर जवळ होतं, म्हणून तो घरी गेला. रस्त्यात त्याने हात मागे नेला नाही. नेता आला असता. नाही नेला.

बायकोने दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून बाजूला झाली. दारामागच्या भिंतीवर आरसा होता. तो पाठ करून उभा राहिला आणि मान वळवून बघितलं. दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, पुठ्ठ्याचं छोटं कार्ड. कडा मऊ झालेल्या. टाचणी गंजलेली, आणि गंजाचा तांबूस डाग कापडात उतरलेला. असा डाग एका दिवसात पडत नाही.

"हे केव्हापासून आहे इथे?" त्याने विचारलं.

"कार्ड ना?" बायको म्हणाली. "ते तर कितीतरी वर्षांपासून आहे. प्रदर्शन झालं ना ते ताईंच्या चित्रांचं, तेव्हापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या चळवळीचं काहीतरी असेल. बिल्ला वगैरे. कोट झटकताना मी जपून झटकायची." ती थांबली. "वाचलंय मी ते. पण त्यात मला नवीन काही दिसलं नाही, म्हणून बोलले नाही."

आरशात अक्षरं उलटी होती, आणि उलटी अक्षरं त्याला सुलट असल्यासारखीच वाचता यायची. पेन्सिलीच्या दोन ओळी. अक्षर त्याचंच होतं, आत्तापर्यंत शेकडो कार्डांवर लिहिलेलं.

मूळ : ताईच्या घरी.

फरक : हा माफी मागत नाही.

तो तिथेच उभा राहिला. मग त्याला एकदम राग आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं. मागत नाही म्हणजे काय? चार शब्द तर होते. कुणीही म्हणू शकतं. आत्ता म्हणून दाखवतो, आणि मग बघू या कार्डात काय उरतं. जाहीरनाम्यातलं आपलंच वाक्य त्याला आठवलं, दुरुस्तीबद्दलचं. जाऊ दे खड्ड्यात, तो मनात म्हणाला. तोंडातल्या तोंडात त्याने शब्द जुळवून ठेवले. ताई, माझं चुकलं. पुन्हा एकदा म्हटले. सोपे होते. त्याने फोन उचलला.

दुसऱ्याच घंटेला ताईने घेतला. "बोल, धाकट्या."

ती थांबली होती. घाई नव्हती तिला. तिच्या मागे खुर्ची किंचित सरकली आणि पुन्हा शांत झालं, जणू त्या खोलीतलं प्रत्येक जण वाट बघत होतं, की निदान या वेळी तरी.

तो खाकरला. एकदा, दोनदा.

"ताई," तो म्हणाला. हा शब्द नीट आला. पुढचेही जिभेवर होते, त्याला ते चवीसारखे जाणवत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, छाती भरून आली होती, आणि तोंड उघडलं.

"त्या कागदावर सही केलीस का?"

मग ताईने श्वास सोडला. त्यात राग असता तर त्याला चाललं असतं. पण राग नव्हता.

"तुझा तरी काय दोष," ती म्हणाली. "ठेवते. आमचा चहा निवतोय."